पत्ता टाकला, जेवायला बोलावलं

समोरचा माणूस ‘हिंमत असंल तर पत्ता टाक’ म्हणाला की शहाणी माणसं काय करतात, मला ठाऊक नाही. बहुतेक फोन खाली ठेवून चहा पीत असतील. मी पत्ता टाकला. तोही असा: ‘धानोरा रोड, पाण्याच्या टाकीमागची गल्ली, डावीकडचं तिसरं घर, हिरवं गेट. रिक्षावाल्याला नुसतं टाकीपाशी म्हणा, जास्त मागितले तर देऊ नका. कधी येणार ते कळवा म्हणजे घरी थांबतो. जेवूनच जा.’

शेवटचे दोन शब्द मी लिहिले असं मला आजही वाटत नाही. ते हातातून गेले. घरचा पत्ता सांगायचा आणि जेवायला या म्हणायचं नाही, हे आमच्याकडं जमतच नाही. एकदा मोजणीवाल्यानं आमची अर्धी ओसरी रस्त्यात दाखवली, तर माझ्या वडिलांनी त्याला तिथंच, त्या रस्त्यात गेलेल्या ओसरीवर बसवून जेवू घातलं. असल्या घरात वाढलेल्या माणसानं इंटरनेटवर भांडायला जाऊच नये.

भांडण कशावरून ते सांगतो. मागणी कोणती होती आणि बंद कुणी पुकारला होता, हे मात्र मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही मला उचलून एका बाजूला बसवाल आणि पुढचं त्या हिशोबानं वाचाल. बीड जिल्ह्यात गेली दोन-तीन वर्षं माणसं एकमेकांना अशीच वाचतात. मी बंदच्या बाजूचा होतो आणि मागणी मला आजही रास्त वाटते, एवढं पुरे.

तर, फोनवर ‘बीड धडाका’ नावाचं बातम्यांचं एक पान आहे. त्यावर मी ‘बालाघाटचा आवाज’ या नावानं मतं मांडत असे. खरं नाव वापरता येत नाही, कारण मी एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे आणि वर्तणूक नियमांनुसार आम्हाला मतं नसतात. रविवारी जिल्हा बंद, अशी बातमी त्या पानावर आली. खाली गहिनीनाथ नावाच्या कुणीतरी लिहिलं, ‘रविवारी माझ्या लेकीचा पेपर हाय बीडला. नर्सच्या भरतीचा. मागल्या साली बी बंदमुळंच बुडाला. सोमवारी ठेवा की बंद.’

आता या माणसाला ‘बघू’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी लिहिलं, ‘इतिहास घडत असताना पेपर बघायचे नसतात. व्यापक दृष्टी ठेवा!’

या वाक्याला दोनशे बारा लाइक आले. आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या फोटोला एकोणतीस आले होते, त्यातले चार एकट्या मेव्हण्याचे, वेगवेगळ्या खात्यांवरून. दोनशे बारा म्हणजे काय हे ज्याला आले नाहीत त्याला कळणार नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालयात मी टपालसुद्धा व्यापक दृष्टीनं फाडत होतो.

मग चार दिवस जुंपली. गहिनीनाथ विचारायचा, ‘तुमाला लेकरं हायेत का?’ मी राज्यघटना काढायचो. मधूनच कुणीतरी यायचा आणि मला विचारायचा, ‘आडनाव काय तुझं?’ आमच्याकडच्या इंटरनेटवर हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर मिळेपर्यंत तुमचं म्हणणं खरं की खोटं हे कुणाला ठरवता येत नाही. मी उत्तर देईना. तेव्हा एकानं माझ्या लिहिण्यावरून माझी जात काढली, दुसऱ्यानं त्याच लिहिण्यावरून दुसरीच काढली, आणि ते दोघं एकमेकांच्या आयाबहिणींपर्यंत पोचले. मला कुणी विचारेना, म्हणून मीच त्यांना मध्ये मध्ये चिथावत होतो. लाज वाटते सांगायला, पण मजा येत होती.

गुरुवारी गहिनीनाथनं लिहिलं, ‘येवढी हिंमत हाय तर पत्ता टाक. माझ्या लेकीच्या तोंडावर सांग इतिहास घडतोय म्हणून.’

पुढचं तुम्हाला माहीत आहे. त्याचं उत्तर आलं, ‘शनिवारी दिवस मावळायच्या आत येतो.’ त्याखाली एका टवाळानं लिहिलं, ‘वहिनींना विचारलं का जेवणाचं?’ त्याला साडेतीनशे लाइक आले. माझ्यापेक्षा जास्त.

चार वर्षं जपलेलं टोपणनाव मी स्वतःच्या हातानं हिरव्या गेटाला नेऊन बांधलं होतं. शुक्रवारी कार्यालयात पाऊल टाकलं तर शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे, ‘या, आवाज, बसा.’ ठरवलं, संध्याकाळी घरी जाऊन ‘येऊ नये’ असं लिहायचं. घरी पोचलो तर इंटरनेट बंद! अफवा पसरू नयेत म्हणून प्रशासनानं जिल्ह्यातलं इंटरनेट सोमवारपर्यंत बंद केलं होतं. अफवा थांबल्या असतील, पण गहिनीनाथ आता थांबत नव्हता. त्याचा फोन नंबर माझ्याकडं नव्हता. चार दिवस ज्याच्याशी जिवाच्या करारानं बोललो, त्याला एक फोन करायची सोय नव्हती.

ज्योत्स्ना, म्हणजे आमची बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिला सगळं सांगितलं. तिनं वहीतून डोकं वर न काढता विचारलं, “किती माणसं येणार?”

“अगं, तो मला मारायला येतोय!”

“कळलं. किती जण?”

“मारायला येणारा एकटा कशाला येईल? चार धर.”

“गहिनीनाथ नाव आहे, म्हणजे गळ्यात माळ असणार. अंडी-बिंडी चालायची नाहीत. त्यात शनिवार. उपास असला तर? विचारायला नको होतं का?”

“भांडणात असं विचारत नाहीत.”

“जेवायला बोलावतात, पण विचारत नाहीत?” ती म्हणाली. “वा.”

तेवढ्यात शेजारचे शहादेवराव आले. हे निवृत्त हवालदार. निवृत्तीला अकरा वर्षं झाली तरी बोलताना कमरेच्या पट्ट्यावर हात जातो. “प्रवीणभाऊ, घाबरू नका,” ते म्हणाले, “आधी चौकीत नोंद करून ठेवा. उद्या काय झालं तर कागद पाहिजे.” काय झालं तर, म्हणजे मला झालं तर. मग माझ्या हातात कागद असून काय करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. समोरच्या मंगलकाकू म्हणाल्या की वांग्याचं भरीत केलेलं बरं, तिखट जरा चढं ठेवलं की माणूस निम्म्या भांडणातच गार होतो. दोन्ही सल्ले मानायचे असं ठरलं.

शनिवारी सकाळी चौकीत गेलो. टेबलामागं एक तरुण पोलीस बसला होता. हल्ली आमच्या जिल्ह्यात पोलिसांच्या छातीवरच्या पट्टीवर नुसतं नाव असतं, आडनाव नसतं. लोक पट्टी वाचून ठरवायचे, हा आपला की त्यांचा, म्हणून काढून टाकलं. मला फार बरं वाटलं. आपल्यासारखाच एक बिनआडनावाचा माणूस समोर आहे असं वाटलं.

“बोला, तक्रार काय?”

“एक माणूस आज घरी येणार आहे.”

“घुसणार आहे का?”

“नाही. मी बोलावलंय.”

“कावून?”

“भांडायला,” मी म्हणालो, आणि खोटं बोलायची सवय नाही म्हणून पुढं म्हणालो, “आणि जेवायला.”

त्यानं पेन खाली ठेवलं. “धमकी दिली का त्यानं? काय पुरावा?”

“आहे ना. फोनमध्ये आहे. इंटरनेट चालू झालं की दाखवतो.”

“मग तवा या,” तो शांतपणे म्हणाला. “अन् साहेब, पाव्हण्याच्या नावानं आधीच तक्रार करू नये. बरं दिसत न्हाई.”

मी अठ्ठावीस वर्षं लोकांना ‘पुराव्यासह या’ सांगत आलो. ते ऐकून माणूस पायऱ्या कसा उतरतो, हे त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी गेटापाशी बंदोबस्त लागला. शहादेवराव जुनी काठी घेऊन खुर्चीवर बसले. गल्लीतली आणखी चार माणसं सहज उभी असल्यासारखी उभी राहिली. आतून भाजलेल्या वांग्याचा वास येत होता आणि त्यामुळं गंभीर राहणं सगळ्यांनाच जड जात होतं. साडेपाचला टाकीपाशी रिक्षा थांबली.

पन्नाशीचा, काटकुळा माणूस उतरला. टोपी, गळ्यात माळ, खांद्यावर सीताफळांची पिशवी. रिक्षावाल्याशी त्याची हुज्जत चालली होती, ‘जास्त द्यायचे न्हाईत असं साहेबांनी लिवलंय.’ त्याच्या मागं एक मुलगी, वीस-बावीसची, छातीशी प्लास्टिकची फाइल धरलेली. बाकी कुणी नाही. शहादेवरावांनी काठी खुर्चीच्या मागं सरकवली.

“आवाज तुमीच का?” त्यानं विचारलं.

“मीच.” तो शब्द माझ्या तोंडून फार बारीक आला.

“मी गहिनीनाथ. वडवणीच्या पुढून आलो. ही संस्कृती.” तो थांबला. “उद्या एक बी गाडी न्हाई. आजच यावं लागलं. बीडात वळखीचं कुणी न्हाई साहेब, अन् जवान लेकीला घिऊन लॉजवर कसं राहू? पत्ता तेवढा तुमचाच व्हता.”

भांडायला आलेल्या माणसाशी कसं वागायचं हे आम्ही दोन दिवस ठरवलं होतं. आसऱ्याला आलेल्याशी कसं वागायचं ते ठरवलं नव्हतं. ज्योत्स्ना दारात आली आणि म्हणाली, “बाहेर काय उभे राहिलात? ये गं बाळा आत.”

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या बैठकीत दारासमोरच्याच भिंतीवर दोन तसबिरी आहेत, एक भगवान बुद्धांची आणि एक बाबासाहेबांची. आत येणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिथंच जाते, आणि बीडमधल्या माणसाला मग पुढं काही विचारावं लागत नाही. शेकडो लोकांनी चार दिवस डोकं फोडून जे शोधलं, ते गहिनीनाथला एका नजरेत मिळालं. त्यानं तसबिरींकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहिलं. या क्षणाची मला लहानपणापासून सवय आहे. माणूस ‘पाणी नको, आत्ताच प्यालो’ म्हणतो, किंवा त्याला एकदम काम आठवतं. मी मनातल्या मनात दार उघडंच ठेवलं, म्हणजे त्याला अवघड जाऊ नये.

“हात कुठं धुवू?” गहिनीनाथ म्हणाला. “सकाळपास्न पोटात काय न्हाई.”

ते बाप-लेक जेवले, आणि जेवले म्हणजे असे की ज्योत्स्नाला पुन्हा तवा टाकावा लागला. भरीत खाऊन गहिनीनाथच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यानं अजून मागितलं. मंगलकाकू मात्र साफ चुकल्या होत्या, कारण पोटभर झाल्यावर त्याला भांडण आठवलं.

“हां. आता सांगा हिला,” तो म्हणाला. “काय लिवलं व्हतं ते. तोंडावर सांगा.”

संस्कृतीनं ताटावरून मान वर केली. “राहू द्या ना अण्णा.”

“राहू कावून द्या? त्येच्यासाठीच पत्ता घेतला.”

मी बोलायला तोंड उघडलं. वाक्य पाठ होतं, दोनशे बारा लोकांनी वाखाणलेलं होतं. समोर ती पोर बसली होती. बोटाला फाइलीच्या कडेनं कापलेलं होतं. दोन वर्षं वडवणीच्या एका दवाखान्यात बारा-बारा तास उभी राहून तिनं अभ्यास केला होता आणि मागच्या वर्षी पेपरच्या दिवशी फाट्यावर संध्याकाळपर्यंत गाडीची वाट बघत बसली होती. हे तिनं सांगितलं नाही, ज्योत्स्नानं वाढता वाढता काढून घेतलं. मला ते वाक्य काही केल्या तोंडातून काढता येईना.

“गेट किती वाजता बंद होतं?” मी विचारलं.

“साडेआठला. बायपासच्या पलीकडं हाय सेंटर.”

“मी सोडतो,” मी म्हणालो. गहिनीनाथनं ताट उचललं आणि स्वतःच मोरीवर नेऊन ठेवलं.

रविवारी सव्वासातला स्कूटर काढली. शहादेवरावांनी गल्लीतून जायचा गुप्त मार्ग सांगितला होता, त्यात दोन ठिकाणी नाली खोदलेली निघाली, म्हणून आठला पाच कमी असताना आम्ही मोठ्या चौकात येऊन पोचलो. टायर आडवे टाकलेले, शे-दीडशे माणसं, घोषणा. आणि मंडपावर दहा फुटांचा फ्लेक्स. त्यावर लाल अक्षरांत: ‘इतिहास घडत असताना पेपर बघायचे नसतात. व्यापक दृष्टी ठेवा! – बालाघाटचा आवाज.’

स्कूटर तिथंच बंद पडली. बिचारीला दोष देत नाही, ब्रेक मीच दाबला होता. मागून संस्कृतीनं ते मोठ्यानं वाचलं, सावकाश, शाळेत वाचतात तसं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात आमच्या कार्यालयाच्या दारातल्या टपरीवाल्यानं मला ओळखलं. “अरे, आवाज आले, आवाज!” दहा-बारा जण धावत आले. गळ्यात उपरणं पडलं, कुणीतरी मला मंडपाकडं ओढलं आणि हातात माइक दिला. “साहेब, दोन शब्द!” घड्याळात आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. चौकाच्या कडेला ती पोर फाइल छातीशी धरून माझ्याकडं बघत होती.

माझ्यासमोर कधीही शंभर माणसं उभी राहिलेली नाहीत. निरोप समारंभात दोन शब्द बोलायला उठलो तरी लोक वड्याकडं बघतात. आणि इथं सगळे माझ्याकडं बघत होते. खरं सांगतो, एक क्षण मोह झाला. मग मी म्हणालो, “ते वरचं वाक्य मी लिहिलंय. मागणी बरोबर आहे, मी त्यातून हलत नाही. पण ते लिहिलं तेव्हा ती मुलगी माझ्यासमोर नव्हती. आता आहे. साडेआठला तिचं गेट बंद होतं. मी चुकीचं लिहिलं, भावांनो. तिचा पेपर बुडवून मला काही घडवायचं नाही. हात जोडतो, तिला जाऊ द्या.”

डोळे मिटले होते. आता दगड येतो की शिवी, याची वाट बघत होतो. मागून एक जण ओरडला, “आडनाव काय याचं?”

आंदोलनाचा जो म्होरक्या होता, उन्हानं रापलेला, शांत माणूस, त्यानं माइक माझ्या हातातून हळूच काढून घेतला. “साहेब,” तो म्हणाला, “पेपरच्या लेकरांना आन् दवाखान्याच्या गाडीला अडवायचं न्हाई, हे तर पहिल्याच बैठकीत ठरलंय. सकाळपास्न एकवीस पोरं सोडली आमी. हॉल तिकीट दाखवायचं अन् जायचं. हिला कुणी अडवलंय? आमी तर तुमालाच थांबवलं, भाषणाला.”

“मग तो फ्लेक्स?”

“ते व्हय? पोरांना तुमचं वाक्य लई आवडलं. लावलं. आमी काय तसं करणार हाय व्हय?”

मी मोठ्या त्यागाच्या तयारीनं उभा होतो आणि त्याग कुणी मागितलाच नव्हता. रस्त्यावर उन्हात बसलेल्या माणसांना जे पहिल्या बैठकीत कळलं, ते मला घरी पंख्याखाली बसून चार दिवसांत कळलं नव्हतं. तिला उशीर एकाच माणसामुळं होत होता, आणि तो मी. ज्यानं आडनाव विचारलं होतं त्यानंच टायर बाजूला ओढला. “पळा आता, व्यापक दृष्टी,” तो म्हणाला. स्कूटरला चार लाथा मारल्या, पाचवीला सुरू झाली. आठ वाजून सव्वीस मिनिटांनी संस्कृती गेटाच्या आत गेली. आत गेल्यावर तिनं वळून एकदा हात केला. मी तिथंच कठड्यावर बसलो, आणि सांगायला हरकत नाही, रडलो.

गाड्या सोमवारी सुरू झाल्या, म्हणून बाप-लेक रविवारीही आमच्याकडंच होते. दुपारभर मी आणि गहिनीनाथ ओट्यावर बसून सीताफळं खात त्याच विषयावर भांडलो. मागणी त्याला मुळातच पटत नव्हती आणि मला त्याचं न पटणं पटत नव्हतं. पण समोर बसून भांडताना मध्येच ‘हे घ्या, हे जास्त पिकलंय’ असं म्हणावं लागतं, त्यानं जोर राहत नाही. कुणी जिंकलं नाही. सोमवारी ज्योत्स्नानं त्यांना डब्यात धपाटी बांधून दिली.

मंगळवारी इंटरनेट आलं. मी त्या प्रसिद्ध वाक्याखाली लिहिलं की ते चुकीचं होतं, आणि चौकातही तसंच सांगितलंय. लाइक आले तीन. बाकी ‘पलटी मारली’, ‘किती घेतले’ आणि नेहमीचं ते, ‘आडनाव सांग आधी’. संध्याकाळी गहिनीनाथचं आलं: ‘सुखरूप पोचलो. पेपर बरा गेला म्हणती. वैनीचा डबा राहिलाय माझ्याकडं, निकालाच्या दिवशी घिऊन येतो.’

लगेच कुणीतरी त्याला गाठलं. ‘गहिनीनाथराव, तुम्ही गेलता ना त्याच्या घरी? मग सांगा आता, आडनाव काय त्याचं?’

मी थांबून राहिलो. ज्योत्स्नाही वही मिटून शेजारी येऊन बसली. भिंतीवर दोन्ही तसबिरी होत्या, त्यांच्याखाली बसून हा माणूस दोन दिवस जेवला होता. बऱ्याच वेळानं त्याचं उत्तर आलं.

‘जेवलो दोन दिस त्येंच्याकडं. आडनाव इचारायचं राहूनच गेलं.’

मग मी ‘बालाघाटचा आवाज’ बंद केला, माझ्या खऱ्या नावाचं खातं उघडलं आणि त्या ओळीला लाइक दिला, आडनावासकट.